तिची गोष्ट कुणी पाहिली?

फेब्रुवारी १९७९मध्ये पाकिस्तानात दोन घटना घडल्या. जनरल झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीने हुदूद अध्यादेश जारी केले, आणि त्याच महिन्यात 'मौला जट' हा पंजाबी चित्रपट पडद्यावर आला. अध्यादेशांनी विवाहबाह्य शरीरसंबंध हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवला. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ती सिद्ध करता आली नाही, तर तिच्यावरच व्यभिचाराचा ठपका येण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. 'मौला जट'ने सुलतान राही यांच्या हातातल्या गंडाशाला, म्हणजे लांब दांड्याच्या कुऱ्हाडीला, पंजाबी चित्रपटाची ओळख करून टाकले. राजवटीला हा चित्रपट मुळीच पसंत नव्हता, तो बंद पाडण्याचे प्रयत्नही झाले. म्हणजे या दोन घटना हातात हात घालून आल्या नव्हत्या. तरी त्यांचा परिणाम एकाच जागी पोचला. रस्ता, कचेरी, न्यायालय अशा सार्वजनिक जागांमधून बाईला मागे सरावे लागले, आणि चित्रपटगृह ही त्यांतलीच एक जागा होती.

या ग्रंथाचा विचार तिथून सुरू होतो. पाकिस्तानी चित्रपटातल्या स्त्रीबद्दल लिहिताना बहुतेक वेळा पडद्यावरच्या प्रतिमा मोजल्या जातात. सोशिक पत्नी किती, नाचणारी किती, बंडखोर किती. ही मोजदाद उपयोगी आहे, पण ती कारणापर्यंत नेत नाही. बाई पडद्यावर कशी दिसते हे दिग्दर्शकाच्या मनोवृत्तीवर जितके ठरते, तितकेच ते तिकीट कोण काढते आणि परवाना कोण देतो यावर ठरते. ज्या काळात बायका चित्रपटगृहात येत होत्या, त्या काळात त्यांच्या दुःखाला, निवडीला, चुकांनाही कथेत जागा होती. त्या यायच्या बंद झाल्या तेव्हा त्यांची गोष्टही त्यांच्या मागून घरी गेली आणि दूरचित्रवाणीवर उमलली. म्हणून पडद्यावरची बाई, पडद्यामागे काम करणारी बाई आणि पडद्यासमोर बसलेली बाई अशा तिघींकडे एकत्र पाहायला हवे, असे आम्हांला ठामपणे वाटते.

आरंभ फाळणीपाशी आहे. १९४७पूर्वी लाहोर आणि मुंबई ही एकाच व्यवसायाची दोन ठाणी होती. माणसे, पैसा आणि चाली या दोन शहरांमध्ये सहज ये-जा करत. फाळणीमुळे लाहोरचे अनेक निर्माते, तंत्रज्ञ आणि कलावंत भारतात आले, आणि मुंबई-पुण्यातली काही मंडळी तिकडे गेली. पुण्यात शालिमार स्टुडिओ उभारणारे डब्ल्यू. झेड. अहमद लाहोरला गेले. त्यांचा 'रूही' (१९५४) हा पाकिस्तानात सेन्सॉरने अडवलेला पहिला चित्रपट मानला जातो. कथाकार मंटो गेले. 'अनमोल घडी' आणि 'जुगनू'मुळे मराठी घरांतही पोचलेल्या नूरजहाँ पती शौकत हुसेन रिझवी यांच्यासह गेल्या, आणि दोघांनी लाहोरात शाहनूर स्टुडिओ उभा केला. नव्या देशाचा पहिला चित्रपट 'तेरी याद' ऑगस्ट १९४८मध्ये आला. १९५१च्या 'चनवे'च्या दिग्दर्शनाचे श्रेय नूरजहाँ यांच्याकडे जाते, आणि पाकिस्तानातली पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

नूरजहाँ यांचे आयुष्य या साऱ्या विषयाची किल्ली आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अभिनय थांबवला, पण आवाज थांबला नाही. १९६५च्या युद्धात त्याच आवाजाने सैनिकांसाठी गाणी गायली. १९७०च्या 'हीर रांझा'तली हीर त्याच आवाजात बोलली, आणि पुढे गंडासापटांतल्या नायिकांची उत्तान गाणीही त्याच आवाजात आली. राष्ट्राने त्यांना मलिका-ए-तरन्नुम म्हणून डोक्यावर घेतले, आणि त्यांच्या खाजगी आयुष्याची चर्चा मात्र चवीने केली. आदर आणि संशय एकाच बाईच्या वाट्याला एकाच वेळी येणे, हे पुढच्या प्रत्येक पिढीतल्या अभिनेत्रीने अनुभवले.

पन्नास आणि साठच्या दशकांत उर्दू सामाजिक चित्रपट बहरला. सबीहा खानम, मुसर्रत नझीर, नय्यर सुलताना, शमीम आरा, झेबा या नायिकांची नावे जाहिरातीत नायकाच्या बरोबरीने झळकत. कुटुंबे एकत्र चित्रपट पाहायला जात. १९६०च्या 'सहेली'त दोन जिवलग मैत्रिणींच्या आयुष्यात एकच पुरुष येतो आणि कथेचा सारा भार एकमेकींसाठीच्या त्यागावर उभा राहतो. लगेच पुढच्या वर्षी, १९६१मध्ये, मुस्लिम कौटुंबिक कायदा अध्यादेश आला. त्याने विवाहनोंदणी सक्तीची केली आणि दुसऱ्या लग्नासाठी लवाद परिषदेची परवानगी आवश्यक ठरवली. १९४९पासून काम करणाऱ्या, बेगम राना लियाकत अली खान यांच्या ऑल पाकिस्तान विमेन्स असोसिएशनने या सुधारणेचा पाठपुरावा केला होता. एकाच काळात कायदा सवतीचा प्रश्न हक्काच्या भाषेत मांडत होता आणि चित्रपट तोच प्रश्न मायेच्या भाषेत सोडवत होता. प्रेक्षागृहात बसलेल्या बाईला दोन्ही भाषा कळत होत्या. त्या चित्रपटांना निव्वळ मागास म्हणून बाजूला सारले, तर तिने त्यात काय शोधले हे कधीच समजणार नाही.

याच काळात आणखी एक धागा दिसतो, आणि तो या ग्रंथात वारंवार येईल. रझिया बट यांच्या कादंबऱ्या स्त्री-वाचकांमध्ये विलक्षण लोकप्रिय होत्या. त्यांच्यावरून 'नायला' (१९६५) आणि 'साइका' (१९६८) हे चित्रपट निघाले. दोन्हींत शमीम आरा नायिका होत्या आणि 'साइका'च्या त्या निर्मात्याही होत्या. स्त्रीने लिहिलेले, स्त्रियांनी वाचलेले, स्त्रीने पैसा घालून पडद्यावर आणलेले आणि स्त्रियांनी तिकीट काढून पाहिलेले असे ते काम होते. शमीम आरा पुढे दिग्दर्शनाकडे वळल्या. 'मिस हाँगकाँग' (१९७९)सारख्या त्यांच्या चित्रपटांत नायिका परदेशात फिरते आणि हाणामारीही करते. अभिनेत्री संगीता यांनी १९७६मध्ये 'सोसायटी गर्ल' दिग्दर्शित केला, आणि त्यानंतर राजिंदरसिंग बेदी यांच्या 'एक चादर मैली सी'वर आधारित 'मुठ्ठी भर चावल' (१९७८). विधवेला दिराशी लग्न लावून देण्याच्या प्रथेची ही कथा. ती सांगणारी, तिच्यात अभिनय करणारी आणि सेटवर हुकूम देणारी बाई एकच होती. ही परंपरा सलग नाही, पण ती आहे.

दुसरी ठळक धारा तवायफपटांची. हसन तारिक यांच्या 'अंजुमन' (१९७०) आणि 'उमराव जान अदा' (१९७२) या चित्रपटांत राणी यांनी जी बाई उभी केली, तिला प्रेम मिळते पण घर मिळत नाही. या धारेचे नाते लाहोरच्या वास्तवाशी होते. सुरुवातीच्या काळात चित्रपटात काम करण्याची तयारी असलेल्या अनेक मुली हिरा मंडीच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या कुटुंबांतून आल्या, कारण 'शरीफ' म्हणवणारी घरे आपल्या मुलींना तिथे पाठवत नव्हती. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकींनी काम केले, त्याला जवळजवळ दोन दशके झाल्यावरही दुर्गा खोटे यांचे पडद्यावर येणे आपल्याकडे खळबळजनक ठरले होते. लाहोरात हा कलंक अधिक काळ टिकला. पडद्यावरच्या तवायफेसाठी रडणारा समाज तिची भूमिका करणाऱ्या बाईला शेजारी घर देताना कचरत होता.

सत्तेपुढे ही असुरक्षितता किती नागडी होते हे अभिनेत्री नीलो यांच्या प्रसंगातून दिसते. लष्करशहा अयूब खान यांच्या काळात इराणच्या शहांपुढे नाचण्यासाठी त्यांच्यावर दबाव आणला गेला. त्यांनी नकार दिला, आणि त्या दडपणाखाली जीव द्यायचा प्रयत्नही केला. हबीब जालिब यांनी त्यावर कविता लिहिली. पुढे नीलो यांचे पती रियाझ शाहिद यांनी 'जर्का' (१९६९) काढला. त्यात पॅलेस्टिनी लढ्यातली नायिका साखळदंड घालून नाचते आणि ती भूमिका नीलो यांनीच केली. कलावंत बाईने स्वतःवरच्या जबरदस्तीला आपल्याच कलेतून दिलेले असे उत्तर उपखंडाच्या चित्रपटात दुर्मीळ आहे.

मग ७९ साल. त्याच्या दोनच वर्षे आधी आलेला, दिग्दर्शक नझरुल इस्लाम यांचा 'आईना' कराचीत चारशेहून अधिक आठवडे चालल्याची नोंद आहे. त्याच्या नायिका शबनम मूळच्या ढाक्याच्या, बंगाली हिंदू घरातल्या. बांगलादेश वेगळा झाल्यावरही त्या लाहोरच्या आघाडीच्या नायिका राहिल्या. हट्ट, अपमान, विरह आणि समेट असा हा कौटुंबिक चित्रपट बायकांनी पुनःपुन्हा पाहिला. त्यानंतर मात्र परिस्थिती झपाट्याने बदलली. निर्मात्यांवर नवी बंधने आली आणि सेन्सॉर कडक झाला. व्हिडिओ कॅसेटमुळे मध्यमवर्गाला घरात बसून चोरटे हिंदी चित्रपट पाहता येऊ लागले. चित्रपटगृहे हळूहळू पुरुषांची झाली, आणि निर्मात्यांनी उरलेल्या प्रेक्षकाला हवे ते दिले. 'मौला जट'मध्ये मुख्खो आणि दारो या दोन तिखट जिभेच्या, बेधडक बायका आहेत. त्याच्या असंख्य नकलांमध्ये ती धार गेली आणि उरले ते इज्जतीसाठी होणारे खून आणि पावसातली नाचगाणी. पश्तो चित्रपटांतही स्त्रीदेहाचे प्रदर्शन वाढत गेले. बाईला झाकण्याची घोषणा करणाऱ्या राजवटीच्या काळात पडद्यावर तिच्या देहाखेरीज फारसे काही शिल्लक राहिले नाही. दमनाचा हा परिणाम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो.

बायका गप्प बसल्या नव्हत्या. १९८१मध्ये कराचीत विमेन्स अ‍ॅक्शन फोरमची स्थापना झाली. स्त्रीची साक्ष अर्धी ठरवू पाहणाऱ्या साक्षीपुराव्याच्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरच्या मॉल रोडवर स्त्रियांनी मोर्चा काढला. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. हबीब जालिब यांनाही मार बसला. तो दिवस आज पाकिस्तानात राष्ट्रीय महिला दिन म्हणून पाळला जातो. बलात्कारातून गर्भवती झालेल्या एका अंध मुलीला त्या सुमारास फटक्यांची आणि तुरुंगवासाची शिक्षा झाली. देशभर संताप उसळल्यावर ती वरच्या न्यायालयात रद्द झाली. फहमिदा रियाझ आणि किश्वर नाहीद यांच्या कविता या काळाच्या साक्षी आहेत. शीमा किरमानी यांनी 'तहरीक-ए-निस्वाँ'मधून नाच आणि नाटक जिवंत ठेवले. बलात्कारविषयक तरतुदी हुदूदमधून काढून पुन्हा दंडसंहितेत आणायला मात्र २००६ उजाडले.

आणि याच काळात सरकारी दूरचित्रवाणीवर एक आश्चर्य घडत होते. निवेदिकांनी डोक्यावर दुपट्टा घ्यावा असा हुकूम निघाला होता, आणि तो नाकारणाऱ्या महताब अकबर राशदी यांना पडद्यापासून दूर व्हावे लागले होते. त्याच पी.टी.व्ही.साठी हसीना मोईन यांनी 'अनकही' (१९८२), 'तनहाइयाँ' (१९८५) आणि 'धूप किनारे' (१९८७) या मालिका लिहिल्या. त्यांतल्या मुली नोकरी शोधतात, धंदा उभा करतात, डॉक्टर होतात, चुकतात, हसतात, पुरुषाशी बरोबरीने वाद घालतात. सेन्सॉरला हरकत घ्यावी असे त्यांत काही नव्हते, आणि तरी मुलींच्या मनात त्यांनी जे पेरले ते कोणत्याही भाषणाने पेरले नसते. 'धूप किनारे' साहिरा काझमी यांनी दिग्दर्शित केली होती. नूरुल हुदा शाह आणि फातिमा सुरैया बजिया या लेखिकाही याच पिढीतल्या. बायका घरात होत्या, म्हणून त्यांची गोष्ट घरातल्या पडद्यावर गेली.

पुढे खाजगी वाहिन्या आल्या. रझिया बट यांच्या कादंबऱ्यांची जागा स्त्रियांच्या डायजेस्ट मासिकांनी घेतली होती. त्यांतून आलेल्या उमेरा अहमद, फरहत इश्तियाक यांच्या कथा 'जिंदगी गुलजार है' आणि 'हमसफर' या मालिकांच्या रूपाने सीमेपलीकडे गेल्या. २०१४ ते २०१६ या काळात 'जिंदगी' वाहिनीवर त्या मराठी घरांतही पाहिल्या गेल्या. आटोपशीर कथा आणि कमावणाऱ्या मुली याचे आपल्याकडे कौतुक झाले. त्याच मालिकांमध्ये सोसणारी बायको चांगली आणि महत्त्वाकांक्षी बाई वाईट ही विभागणीही आहे, आणि पाकिस्तानातल्या स्त्रीवादी समीक्षकांनी तिच्यावर कठोर टीका केली आहे. दोन्ही बाबी खऱ्या आहेत. 'उडारी' (२०१६) या मालिकेने बालकांवरील लैंगिक अत्याचार दाखवला, तेव्हा नियामक संस्थेने वाहिनीला नोटीस पाठवली. प्रेक्षकांनी मालिकेची बाजू घेतली.

नव्या शतकात चित्रपटाकडे स्त्री परतली, ती आधी स्वतंत्र चित्रपटांतून. सबीहा सुमर यांचा 'खामोश पानी' (२००३) १९७९च्या पंजाबी खेड्यात घडतो. फाळणीत मागे राहिलेली शीख मुलगी आता आयेशा झाली आहे आणि तिचा मुलगा कट्टरतेच्या वाटेवर निघाला आहे. लोकार्नो महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि किरण खेर यांचा अभिनय गौरवला गेला. शोएब मन्सूर यांचा 'बोल' (२०११), आफिया नथानिएल यांचा 'दुख्तर' (२०१४), आसिम अब्बासी यांचा 'केक' (२०१८) यांनी हा रस्ता रुंद केला. शर्मीन ओबैद-चिनॉय यांना दोन लघुपटांसाठी ऑस्कर मिळाले. दुसरा लघुपट इज्जतीच्या नावाखाली होणाऱ्या हल्ल्यावर होता. त्याला पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, २०१६च्या जुलैत, समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोच यांचा त्यांच्या भावाने खून केला, आणि ऑक्टोबरमध्ये कुटुंबीयांनी माफ केले तरी खुन्याला जन्मठेप भोगावी लागेल असा कायदा झाला. २०२२मध्ये तो भाऊ उच्च न्यायालयातून सुटला. कायदा होणे आणि न्याय मिळणे यांतले अंतर इथे उघडे पडते.

२०२२चाच 'जॉयलँड' कान महोत्सवात पुरस्कार घेऊन आला, आणि पंजाबात त्याच्यावर बंदी आली. सैम सादिक यांच्या या चित्रपटाची चर्चा बीबा या पारलिंगी नर्तकीभोवती झाली, ती स्वाभाविकच होती. पण त्यातल्या मुमताजकडेही पाहायला हवे. तिला वधूंची रंगभूषा करण्याचे काम मनापासून आवडते. नवऱ्याला नोकरी लागताच घर तिला काम सोडायला लावते. कुणी तिला मारत नाही, कुणी कोंडून ठेवत नाही, फक्त सगळ्यांना ते रास्त वाटते. आजच्या पाकिस्तानी चित्रपटाची नजर किती सूक्ष्म झाली आहे हे या एका पात्रावरून कळते. मात्र हा नवा चित्रपट पाहणार कोण, हा प्रश्न उरतो. जुनी चित्रपटगृहे बंद पडली, मल्टिप्लेक्सचे तिकीट सामान्य घराला परवडत नाही, आणि धाडसी चित्रपट परवान्यात अडकतात.

या विषयावरच्या लेखनाच्याही काही परंपरा आहेत. मुश्ताक गझदर यांनी १९९७मध्ये पाकिस्तानी चित्रपटाच्या पहिल्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहून पाया घातला. खावर मुमताज आणि फरीदा शहीद यांनी १९८७मध्ये स्त्री-चळवळीचा आणि कायद्यांचा आढावा घेतला. त्या परंपरेत चित्रपट हा मुख्यतः राज्यसत्तेच्या धोरणाचा आरसा ठरतो. फौझिया सईद यांनी हिरा मंडीत दीर्घ काळ काम करून कलावंत बायकांचे जगणे मांडले. अलीकडचे अभ्यासक लोकप्रिय, अगदी 'हलक्या' गणल्या गेलेल्या चित्रपटांकडेही गांभीर्याने पाहतात आणि प्रेक्षकाच्या आनंदाला महत्त्व देतात. या परंपरांमध्ये मतभेद आहेत. आम्ही त्यांत एकीची निवड केलेली नाही. कायदा, धंदा आणि रसिकता यांचा ताळा एकमेकांशी घालून पाहणे हीच या ग्रंथाची पद्धत आहे.

आज हे मराठीत का यावे? पाकिस्तानी बाई आपल्यापर्यंत पोचते ती बहुधा बातमीतून, आणि बातमीत ती एक तर बळी असते किंवा अपवाद. १९९५मध्ये लाहोरात गोळ्या घालून मारलेल्या अभिनेत्री नादिरा, २०१२मध्ये पेशावरात मारल्या गेलेल्या पश्तो गायिका गझाला जावेद यांची नावे विसरता येणार नाहीत, आणि हा ग्रंथ ती विसरत नाही. पण केवळ मृत्यूंची यादी करून एखाद्या देशातल्या स्त्रिया समजत नाहीत. २०१८पासून निघणाऱ्या औरत मार्चमध्ये चालणाऱ्या मुली, डायजेस्टसाठी रात्री लिहिणाऱ्या गृहिणी, सेटवर आवाज चढवणाऱ्या दिग्दर्शिका याही त्याच देशात राहतात. शेजारच्या बाईची कीव करून स्वतःला पुढारलेले समजण्याची सवय आपल्याला लागली आहे. ती सुटावी अशी आमची कळकळ आहे.

या संग्रहातले लेख कालक्रमाने लावलेले नाहीत. काही एका चित्रपटापाशी थांबतात, काही एका कायद्यापाशी, काही एखाद्या कलावंत बाईच्या कारकिर्दीपाशी. सिंधी आणि पश्तो चित्रपटाला उर्दू-पंजाबीइतकी जागा देता आलेली नाही. ते काम पुढच्यांनी हाती घ्यावे. वाचकाने पुस्तकाबरोबर चित्रपट आणि मालिकाही पाहाव्यात. नूरजहाँ ऐकलेल्या किंवा हिंदी समजणाऱ्या माणसाला उर्दूची अडचण पडत नाही. पाहताना नायिका कशी दाखवली आहे याबरोबरच हेही विचारावे की हे कुणाच्या पैशाने बनले, कुणाच्या परवानगीने दिसले आणि ते बघायला बायका येऊ शकल्या का. हेच तीन प्रश्न मग मराठी चित्रपटाला आणि मालिकेलाही विचारावेत. उत्तरे वेगळी येतील, पण प्रश्न चुकवता येणार नाहीत. ही सवय वाचकाला लागली, तर या ग्रंथाचे काम झाले असे आम्ही मानू.